वरचा दोरा, खालचा दोरा

शिवणातलं कळणारं माणूस कपडा हातात आला की आधी तो उलटा करतं. गळा, काठ, बाह्या हे सगळं नंतर. आधी बगलेची शिवण आतून बघायची, अंगठा तिच्यावरून एकदा पुढे आणि एकदा मागे न्यायचा. सुलट बाजूला शिवणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसतं, उलट बाजूला यंत्रात प्रत्यक्ष काय घडलं ते. दादरच्या मॅचिंग सेंटरांच्या आसपास ब्लाऊज शिवणारे कारागीर घ्या किंवा लालबागच्या चाळीत गॅलरीच्या उजेडाला मशीन लावून बसणाऱ्या बायका घ्या, कपडा उलटा करणारा हा हात सगळ्यांचा सारखाच.

रसग्रहण आपण कवितेचं करतो, बंदिशीचं करतो. मला ते घरच्या शिवणयंत्राने मारलेल्या टिपेचं करायचं आहे, आणि तेही मुख्यतः बिघडलेल्या टिपेचं. चांगली टीप गप्प असते. बिघडलेली टीप फार नेमकं बोलते, फक्त ती बोलते एका ठिकाणाहून आणि सांगते दुसऱ्या ठिकाणचं. कापडाच्या खाली जाळं झालं, तर चूक बहुतेक वेळा वर असते. खालचा दोरा वर डोकावला, तर संशय पुन्हा वरच्याच दोऱ्यावर आधी घ्यायचा. हे एकदा उमगलं की माणूस मशीनवर चिडायचं सोडतो आणि पेचकस उचलण्याआधी डोळे वापरू लागतो.

तर आधी निर्दोष टीप. पॉपलिनचे दोन पदर, इंचाला दहा-बारा टाके. सुलटीकडून टाके एका रेषेत, प्रत्येक टाका दोन्ही टोकांना किंचित बुडालेला आणि मध्ये हलकासा फुगीर. कापड उलटलं तर पुन्हा तेच. दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा असेल, तर निव्वळ टिपेवरून सुलट बाजू ओळखता येऊ नये. वरचा दोरा वरच राहिला आहे, खालचा खालीच. आणि दोघे एकमेकांना अडकवून जिथून मागे फिरतात ती जागा कापडाच्या पोटात आहे. पॉपलिनच्या दोन पदरांची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्या जागेत, दोन्हीकडून दिसू नये अशी, प्रत्येक टाक्याला एक गुंफण बसवायची. पायाने चालवलेलं साधं घरचं मशीन हे काम मिनिटाला काही शे वेळा करतं. मला यात ताकदीपेक्षा तोल मोठा वाटतो. वरची ओढ आणि खालची ओढ सारखी असली तरच गुंफण मध्ये थांबते. एक जरी वरचढ झाली तरी ती तिच्याकडे सरकते आणि उघडी पडते.

गोणीचं तोंड शिवलेलं असतं त्या शिवणीशी हिची तुलना करून बघा. तिथे बहुतेकदा एकाच दोऱ्याचा साखळी टाका असतो. योग्य टोक सापडलं की एका झटक्यात सर्रकन सगळी शिवण सुटते, आणि गोणीला तेच हवं असतं. फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली पेटंट घेतलेलं यंत्र साखळी टाकाच घालायचं. दोन दोऱ्यांची टीप अशी सुटत नाही. एखादा टाका कुठे कापला गेला तरी शेजारचे टाके आपापली गुंफण धरून उभे राहतात. अंगावर घालायच्या कपड्याला हाच भरवसा लागतो.

या टिपेची सगळी करामत एका साध्या फेरबदलात आहे. हातशिलाईच्या सुईचं नेढं बुडख्याशी असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. हातातली सुई आख्खी कापडातून पार जाते आणि परत वळवावी लागते. मशीनची सुई कापडाखाली जेमतेम डोकावते आणि आल्या वाटेने परत जाते. मग दोरा खाली राहतो कसा? इथे थोडं थांबायला हवं, कारण टाके सुटणं, दोरा तुटणं, जाळं होणं या सगळ्यांचं मूळ या एका क्षणात आहे.

मशीनची सुई नुसती गोल सळी नसते. तिच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते, दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर छोटासा खोलगट भाग. सुई खाली जाताना दोरा लांब खाचेत लपून जातो, म्हणून त्या बाजूला तो कापडाला घासत नाही. दुसऱ्या बाजूचा दोरा मात्र कापड आणि सुई यांच्यात चेपलेला असतो. सुई तळाला पोचते आणि वर यायला लागते. खाचेतला दोरा तिच्याबरोबर बिनबोभाट वर येतो, पण चेपलेल्या बाजूचा दोरा कापडाने धरून ठेवल्यामुळे मागे रेंगाळतो आणि सुईपासून सुटून बाहेर फुगतो. सुई सुमारे दोन-अडीच मिलिमीटर वर आली की तो छोटा फास पुरेसा उघडलेला असतो. नेमक्या त्या वेळी शटलचं अणकुचीदार टोक सुईला जवळजवळ चाटून, नेढ्याच्या किंचित वरून जातं आणि फास उचलतं. मग तो फास ताणून मोठा करत खालच्या दोऱ्याच्या आख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवतं. बॉबिन त्या फासातून पार होतं, म्हणजे खालचा दोरा वरच्याच्या आत आला. आता वरचा दांडा उसळी घेतो आणि उरलेला सगळा दोरा खेचून टाका कापडात घट्ट बसवतो. त्याच सुमाराला दाते खालून उचलले जातात, कापड एक टाकाभर पुढे सरकवतात, खाली बुडतात आणि कापडाच्या नकळत मागे येऊन पुढच्या टाक्याला तयार राहतात. दात्यांची ही चार हालचालींची योजना अ‍ॅलन विल्सन या अमेरिकन कारागिराची, १८५४ सालची, आणि आजच्या घरगुती मशीनमध्येही तीच आहे.

शटल हा शब्द मुंबईच्या गिरणगावाला नवा नव्हता. दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचं पेटंट १८४६ साली घेणारा एलियस हाऊ तरुणपणी लॉवेल गावात, कापडगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या शिवणयंत्रात खालचा दोरा नेणारी वस्तू म्हणजे मागावरचा धोटाच, लहान केलेला. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभ्या धाग्यांच्या मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. मशीनमध्ये वरच्या दोऱ्याच्या फासातून शटल खालचा दोरा पार करतं. परळ-लालबागच्या साचेखात्यात पाळी करून घरी आलेल्या माणसाला बायकोच्या मशीनच्या पोटातला हा खेळ परका वाटण्याचं कारण नव्हतं. वाइंडिंग खात्यात तर बायकाच मोठ्या संख्येने होत्या. सैल गुंडाळलेला धागा पुढे काय दगा देतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरच्या बॉबिनलाही तोच नियम. ते भरताना दोरा ताणाच्या चकतीतून न नेता नुसता बोटाने धरला, तर ते कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत भरतं, आणि टीप मग दर वीतभर अंतरावर स्वभाव बदलत राहते.

आपल्याकडे घरोघरी दिसणारं काळं मशीन बहुतेक सिंगरच्या १५ नंबरच्या घराण्यातलं. सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढवला. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' काढलं, आणि त्याच घाटाची आणखी कितीतरी नावं बाजारात आली. या घराण्याची खूण म्हणजे डावीकडून आत बसणारी बॉबिन केस आणि पूर्ण गोल न फिरता अर्ध्याहून थोडा जास्त फेरा घेऊन मागे येणारं, चंद्रकोरीच्या आकाराचं शटल. त्याच्या ये-जा करण्यातून तो ओळखीचा खटखट आवाज येतो. ज्यांनी चाळीत बालपण काढलं त्यांना तो भिंतीपलीकडूनही आठवत असेल. मला या बनावटीबद्दल विशेष ममत्व आहे, कारण ती काही लपवत नाही. दोन खिट्या सरकवल्या की शटल हातात येतं, आणि आत काय झालंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आता जाळं. शिवायला सुरुवात केली, चार टाके पडले, आवाज जड झाला, कापड जागच्या जागी गोळा झालं. खाली हात घातला तर दोऱ्याचा घट्ट पुंजका. पाहणाऱ्याला वाटतं, खाली गुंता म्हणजे खालच्या दोऱ्याची चूक. मग बॉबिन काढा, घाला, पुन्हा काढा, शेवटी बॉबिन केसचा स्क्रू पिळा. यात कितीतरी चांगली मशीनं बिनसली आहेत. दादरला एका जुन्या मेकॅनिकांकडे मी हा प्रसंग पाहिला. एक बाई टॅक्सीत घालून मशीनचं डोकं घेऊन आल्या होत्या. मेकॅनिकांनी मशीनकडे पाहिलंही नाही.

"ताई, मशीन नंतर. ज्याच्यावर शिवत होता ते कापड आणलंय का?"

बाईंनी पिशवीतून अर्धवट शिवलेला पडदा काढला. मेकॅनिकांनी तो उलटा करून पुंजका बोटाने उकलला, त्यातला एक फास नखावर धरून बघितला.

"वरचा दोरा पहिल्यापासून परत ओवा. फूट वर करून ओवा."

"अहो, पण जाळं खाली होतंय!"

"खाली होतंय म्हणूनच सांगतोय."

हे उत्तर अक्षरशः खरं आहे. पुंजक्यातले फास वरच्या दोऱ्याचे असतात. दोन रंगांचे दोरे लावून बघा, लगेच पटेल. शटलने केसभोवती फिरवण्यासाठी खाली ओढलेला दोरा पुष्कळ असतो, आणि एका टाक्यात खर्च होतो त्यातला थोडासाच. बाकीचा वर परत आणण्याचं काम दांड्याचं. दांडा वर जाताना दोरा खेचतो तो दोन्हीकडून खेचू शकतो: कापडाच्या बाजूने किंवा रिळाच्या बाजूने. टेन्शनच्या चकत्यांनी रिळाकडची बाजू घट्ट धरली असेल तरच तो कापडाखालचा ढिला दोरा उचलतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली ठेवून ओवलं, तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरवरच राहतो. मग दांड्याला रिळाकडून ताजा दोरा ओढणं सोपं पडतं, आणि खालचा फास खालीच राहतो. पुढच्या फेरीला आणखी एक. चार-पाच फेऱ्यांत शटलचं टोक जुन्याच फासांत रुततं आणि मशीन अडतं. दांड्याच्या भोकातून दोरा ओवायचाच राहिला असेल, तर हेच आणखी झपाट्याने होतं, कारण परत ओढायला तिथे कुणीच नसतं. चकत्यांजवळ एक बारीक तारेची स्प्रिंग असते. सुईचं नेढं कापडाला भिडेपर्यंत दोरा ताणून धरणं एवढंच तिचं काम. तिच्यातून दोरा निसटला तरी सुरुवातीचे टाके असेच लोंबतात.

अडलेल्या मशीनवर जोर करायचा नाही. कापड हिसकायचं नाही, चाक ढकलायचं नाही. रिळाकडचा दोरा कापायचा, फूट वर करायचं, चाक हलक्या हाताने किंचित पुढेमागे करून सुई वर आणायची, केस बाहेर काढायची आणि पुंजका खालून कात्रीने कापत मोकळा करायचा. मग शटल काढून खोबणीतला भुसा ब्रशने झाडायचा. आत राहिलेला बोटभर दोऱ्याचा तुकडा पुढचा गुंता घडवतो. पुन्हा सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिल्या दोन-तीन टाक्यांपुरती मागे धरून ठेवायची, आणि चाक फिरवायचं ते नेहमी स्वतःच्या दिशेने.

टाके सुटणं हा वेगळाच दोष आहे, आणि वाचायला जास्त सुंदर. टीप चाललेली असते, मध्येच एक टाका दुप्पट लांब. त्या जागी कापडाला सुईचं भोक मात्र पडलेलं असतं. भोक आहे आणि टाका नाही, याचा अर्थ सुई गेली, परत आली, पण फास उचललाच गेला नाही. एक तर फास झाला नाही, किंवा झाला आणि शटल त्याला चुकलं. घराघरांत दोन्हींचं कारण बहुतेकदा सुईच असते. म्हणून सुटलेल्या टाक्याला पहिलं औषध नवी सुई. वाकलेली सुई शटलपासून दूर राहते. बोथट सुई कापड टोचताना टक्क असा वेगळा आवाज करते आणि कापड आत ढकलते. अर्धवट वर बसवलेली सुई खाली लोंबते आणि वेळ चुकवते. फिरवून बसवलेली सुई खोलगट बाजू शटलकडे न करता दुसरीकडे करते, मग फास भलत्याच अंगाला फुगतो. घरगुती सुईच्या बुडख्याची एक बाजू सपाट असते ती याचसाठी: ती शटलकडे यावी आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने नेढ्यात जावा. कारखान्यांतल्या मोठ्या मशीनच्या सुया गोल बुडख्याच्या असतात. दुकानात पुडी मागताना घरगुती मशीन असं सांगितलं नाही, तर त्या हातात पडू शकतात, आणि मग घरी कितीही डोकं लावलं तरी टाके सुटतच राहतात.

कधी सुई निर्दोष असते आणि तरी टाका सुटतो. जॉर्जेट किंवा अंगाला चिकटणारं ताणाचं कापड घ्या. सुई वर जाताना कापड तिला चिकटून वर उचललं जातं. कापडाने दोरा मागे धरून ठेवला नाही, तर तो फुगणार कसा? म्हणजे फास व्हायला दोन गोष्टींची गरज आहे, वर जाणारी सुई आणि जागच्या जागी राहणारं कापड. एवढं समजलं की उपाय स्वतःच सुचतात: बारीक सुई, ताणाच्या कापडासाठी गोलसर टोकाची सुई, खाली पातळ कागद ठेवून शिवणं आणि मग तो फाडून काढणं. दोषाचं कारण इतकं स्वच्छ उलगडतं, तेव्हा मला एखादी अवघड ओळ लागल्याचा आनंद होतो.

दोरा तुटण्यात एवढी गंमत नाही. दोऱ्याचा प्रत्येक भाग कापडात स्थिरावण्याआधी नेढ्यातून डझनावारी वेळा खालीवर घासला जातो, त्यामुळे नेढ्यातला बारीकसा खरखरीतपणा, जाड दोऱ्याला बारीक सुई किंवा वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं सुती रीळ, यांपैकी काहीही पुरतं. तुटलेलं टोक बघावं. पिंजल्यासारखं असेल तर कुठेतरी घासतंय, स्वच्छ तुटलं असेल तर कुठेतरी जास्त ताण आहे किंवा धार लागते आहे. पातळ वॉयलला ९ किंवा ११ नंबरची सुई, साध्या ब्लाऊजपीसला ११ किंवा १४, पडद्याला १६, जीन्सला १८.

मुंबईच्या बाजारातलं कापडही आपली परीक्षा घेतं. हिंदमाताच्या दुकानांतून किंवा मंगलदास मार्केटातून आणलेला ब्लाऊजपीस आणि अस्तर एकत्र शिवताना खालचा पदर दाते ओढतात, वरचा फुटाखाली अडतो, आणि शेवटी अस्तर चुकीच्या बाजूने उरतं. याला मशीनचा दोष म्हणता येत नाही. फुटाचा दाब थोडा कमी केला की भागतं. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेसाठी शिवलेली नऊवारी हे मात्र खरोखरचं अवघड प्रकरण. कासोट्याशी निऱ्या, काठ आणि जर यांचे इतके थर एकावर एक येतात की फूट पुढून वर उचललं जातं, दात्यांची पकड सुटते, आणि टाके मुंगीएवढे होऊन एकाच जागी साठतात. फुटाच्या टाचेखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवली की फूट पुन्हा सपाट होतं आणि टाका आपल्या लांबीवर येतो. जरीच्या काठावर बोथट सुई चालवली तर जरीचा धागा ओढला जाऊन काठ कायमचा खराब होतो, तिथे नवी बारीक सुईच हवी. लालबाग-परळच्या कार्यशाळांतून आता गणेशमूर्तींना खऱ्या कापडाचे पितांबर आणि शेले घालतात. त्यांचं साटीन हाताखालून निसटतं, म्हणून शिवणारी ते पुढून ओढायला जाते. ओढलेलं कापड सुईला वाकवतं. सुई वाकली की ती पट्टीला तरी आपटते नाहीतर शटलला, आणि शटलच्या टोकावर पडलेला ओरखडा पुढे प्रत्येक टाक्यात दोरा पिंजत बसतो. कापड नेण्याचं काम दात्यांचं आहे. हाताने फक्त दिशा द्यायची.

आणि मुंबईची हवा. जूनपासून चार महिने सुई गंजते, सुती दोरा ओल धरतो. त्यात घाईच्या वेळी घरातलं खोबरेल मशीनमध्ये सोडण्याची जुनी सवय. पहिले काही दिवस मशीन हलकं चालतं, मग ते तेल चिकट होऊन सांध्यांत बसतं आणि चाक जड होतं. मशीनचं पातळ तेलच घालावं, थेंबथेंब, आणि त्यानंतर चिंधीवर थोडं शिवून जादा तेल बाहेर येऊ द्यावं. पितांबरावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही.

हे सगळं इतकं आस्थेने सांगण्याचं कारण रसिकतेपलीकडचं आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, आणि गिरणगावातल्या किती खोल्यांमध्ये परकर, ब्लाऊज, दुपटी, फॉल लावणं अशा नगावर मिळणाऱ्या पैशांनी चूल पेटली. नगावर काम करणारीला जाळं झालं म्हणजे उसवण्यात गेलेली दुपार, आणि त्या दुपारचे पैसे नाहीत. तिथे मेकॅनिकला बोलावणं ही शेवटची गोष्ट असते. टीप वाचता येणं हे त्या बाईच्या हातातलं भांडवल होतं, आणि तिने ते कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. गांधीजी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध बोलत, पण १९२४ साली एका विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं. बायकोचे कष्ट हलके व्हावेत म्हणून ते जन्मलं, अशी त्यांची समजूत होती.  मशीन मालकिणीच्या हुकमतीत राहिलं तरच तो अपवाद खरा ठरतो असं मला वाटतं, आणि त्या हुकमतीसाठी दोष स्वतः ओळखता आला पाहिजे.

ओळखण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग पैशांचा नाही. ज्या कापडावर शिवायचं आहे त्याचीच चिंधी घ्यावी, दुहेरी करावी. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा, दोन्ही एकाच जाडीचे. वीतभर टीप मारावी आणि भिंगातून बघावी. सुलटीकडे पांढरे ठिपके दिसले आणि लाल दोरा ताठ पडून राहिला, तर वरची ओढ जास्त आहे. उलटीकडे लाल ठिपके किंवा लाल फास दिसले, तर वरची ओढ कमी किंवा ओवणंच चुकलेलं. भिंगानेही निकाल लागला नाही, तर कापडाच्या तिरप्या रेषेत दुसरी टीप मारावी आणि दोन्ही टोकं धरून दोरा तुटेपर्यंत ताणावी. जो दोरा आधी तुटेल तो जास्त ताणलेला होता. दोन्ही एकदम तुटले तर तोल बरोबर आहे, आता कशालाही हात लावू नये.

दुरुस्ती करायचीच झाली तर क्रम महत्त्वाचा. आधी पुन्हा ओवणं, मग नवी सुई, मग केस काढून तिच्या दोरा दाबून धरणाऱ्या पातीखाली पोस्टकार्डाचा कोपरा फिरवून बघणं, कारण तिथे अडकलेला केसाएवढा भुसा पातीला उचलून धरतो आणि खालचा दोरा सैल पडतो. त्यानंतर बॉबिन भरलेली केस दोऱ्याला लोंबकळत धरावी. ती आपोआप घसरत खाली गेली तर पाती सैल आहे. मनगटाला हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच उतरून थांबली तर ठीक आहे. झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. वरचं टेन्शन फिरवायचं ते यानंतर, एकेका खुणेने, आणि दर वेळी चिंधीवर पुन्हा टीप मारून. टाके सुटणं हे सगळं करूनही थांबलं नाही, तर सुई आणि शटल यांची वेळ चुकली आहे. ते काम मेकॅनिकांचं, त्यांच्याकडे न्यावं आणि चिंधीही सोबत न्यावी. केसच्या स्क्रूची पाळी आलीच, तर आधी तो कोणत्या कोनात आहे ते कागदावर काढून ठेवावं आणि मग पाव फेरा द्यावा, घट्ट करायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.